रहस्यपटाचा पहिला प्रसंग आणि गावाचे मौन

रहस्यपटाचा पहिला प्रसंग म्हणजे प्रेक्षकापुढे ठेवलेला पहिला प्रश्न होय. पुढची सारी उत्तरे या प्रश्नाच्या कुंपणात राहूनच द्यावी लागतात. त्यामुळे पहिल्या प्रसंगाची आखणी ही केवळ तंत्राची बाब आहे असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. प्रश्न कोणी विचारायचा, कोणाला विचारायचा आणि कोणाचे दुःख प्रेक्षकाला खिळवून ठेवण्यासाठी वापरायचे, हे तेथेच ठरते. ही निवड मूल्यांची आहे, आणि म्हणूनच तिची चिकित्सा झाली पाहिजे.

अमरावती-अकोल्याकडच्या महाविद्यालयांतील मुले आज मोबाईलवर दहा-पंधरा मिनिटांचे चित्रपट तयार करतात. त्यांची ओढ रहस्यपटाकडे अधिक आहे. ही ओढ हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्यांच्या आजोबांच्या हाती पाटी-पेन्सिल आली नाही, त्या घरांतील मुलामुलींच्या हाती कॅमेरा येणे ही सांस्कृतिकदृष्ट्या मोठी घटना आहे. परंतु कॅमेरा नवा असला तरी त्यातून पाहणारी नजर अनेकदा उसनी असते. प्रस्थापित चित्रपटाने घडवलेली ही नजर आपण सहज आपली मानतो.

अशाच एका विद्यार्थी-गटाने लिहिलेला पहिल्या प्रसंगाचा आराखडा माझ्यासमोर आहे. रात्र आहे. कपाशीच्या वावरातून धावणारी पावले दिसतात. मग विहीर येते. बॅटरीचा झोत पाण्यावर पडतो आणि तेथे एका मुलीचे प्रेत तरंगताना दिसते. पडदा काळा होतो, चित्रपटाचे नाव येते. दुसऱ्या प्रसंगात जीपमधून पोलीस निरीक्षक उतरतो आणि विचारतो, "पहिल्यांदा कोणी पाहिलं?" मुलीला नाव नाही, घर नाही. ती वस्तीवरची आहे एवढे कंसात लिहिले आहे.

हा आराखडा वाईट लिहिलेला नाही. पावलांची लय आणि उजेडाचा वापर यांचा विचार त्यात आहे. आक्षेप वेगळा आहे. कॅमेरा विहिरीच्या काठावर उभा राहून खाली पाहतो. काठावर उभे राहून पाहण्याची सोय गावात कोणाला होती? शंकरराव खरात यांच्या 'तराळ-अंतराळ' (१९८१) या आत्मकथनातही विहिरीतले प्रेत आहे. तेथे गावकीच्या कामापायी ते प्रेत राखण्याची आणि जीव धोक्यात घालून विहिरीत उतरण्याची पाळी लेखकाच्या वडिलांवर येते. तेच प्रेत, तीच विहीर. पण खरातांची नजर उतरणाऱ्या माणसाबरोबर खाली जाते. प्रेत वर कोण काढणार, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांच्या आराखड्यात उपस्थितच होत नाही. निरीक्षक येण्याआधी ते आपोआप काठावर आलेले असते.

येथे रहस्य या कल्पनेचाच विचार करावा लागेल. धक्का आणि ताण यांतील फरक आल्फ्रेड हिचकॉक टेबलाखालच्या बॉम्बच्या दाखल्याने समजावीत असे. बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक क्षणभर दचकतो. बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असेल आणि टेबलावरची माणसे गप्पा मारीत असतील, तर तोच प्रेक्षक पंधरा मिनिटे श्वास रोखून बसतो. ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल' (१९५८) या चित्रपटाची सुरुवात अशीच आहे. मोटारीत बॉम्ब ठेवलेला आपण पाहतो आणि मग तीन मिनिटांहून अधिक काळ एकाच अखंड दृश्यात ती मोटार रस्त्याने जाताना पाहत राहतो. ताण जन्मतो तो माहितीतून. अज्ञान त्याला लागतेच असे नाही.

आपल्या गावातील अत्याचाराचे स्वरूप या ताणाशी अधिक जुळणारे आहे. १९७४ साली अकोला जिल्ह्यात गवई बंधूंचे डोळे काढण्यात आले. घरच्या मुलीवर झालेल्या अन्यायाची दाद मागितली, हा त्यांचा गुन्हा. दलित पँथरने हे प्रकरण महाराष्ट्रभर नेले. अशा घटनेत "हे कोणी केले?" हा प्रश्न गावाला पडत नाही. गावाला ते ठाऊक असते. ठाऊक असूनही जबाब लिहिला जात नाही, साक्षीदार फिरतो, चहाच्या टपरीवर माणसे विषय बदलतात. खरे रहस्य या मौनाच्या रचनेत आहे. कोण कोणाच्या शेतावर मजुरीला जातो, कोणाचे कर्ज कोणाकडे आहे, तक्रारीचा कागद कोणत्या टेबलावर थांबतो, याचा शोध हाच आपल्या रहस्यपटाचा विषय होऊ शकतो. खुनी शेवटच्या प्रसंगापर्यंत लपवून ठेवणारा चित्रपट गावाला नकळत निर्दोष ठरवतो. कारण त्याच्या मते दोष एकाच लपलेल्या माणसाचा असतो.

मराठी माणसांनी घडवलेल्या चित्रपटांत या दिशेचे प्रयत्न झालेले आहेत. जब्बार पटेलांचा 'सामना' १९७५ च्या बर्लिन महोत्सवात गेला. त्यात मारुती कांबळेचे काय झाले, हा प्रश्न साखरसम्राट हिंदुरावाची पाठ सोडीत नाही. गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) सुरू होतो तो पत्नीच्या चितेजवळ पोलिसांच्या पहाऱ्यात आणलेल्या लहान्या भिकूपासून. त्याचे न बोलणे हेच त्या चित्रपटाचे रहस्य. दोन्हींचे लेखन विजय तेंडुलकरांचे, आणि दोन्हींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. तरीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. 'सामना'त प्रश्न विचारतो बाहेरून आलेला दारुडा मास्तर. 'आक्रोश'मध्ये तो विचारतात वकील भास्कर कुलकर्णी. मारुती कांबळे आपल्याला भेटतो तो दुसऱ्यांच्या सांगण्यातून, आणि लहान्याच्या वाट्याला येते ते मौन. ज्याच्यावर अन्याय झाला त्याने प्रश्न विचारावा, ही शक्यता तेथे फार पुढे जात नाही.

ती पुढे नेली पुढच्या पिढीने. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये (२०१४) लोकशाहीर नारायण कांबळे आपल्याला प्रथम दिसतात ते मुलांना शिकवताना. मग ते बसने कार्यक्रमाला जातात, मंचावर उभे राहून गातात आणि तेथेच पोलीस त्यांना पकडतात. आरोपी होण्याआधी ते शिक्षक आहेत, कलावंत आहेत. ही भूमिका नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार (निधन २०२१) यांनी केली, हेही विसरता येत नाही. नागराज मंजुळे यांनी विद्यार्थी असताना 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. पुढे त्यांच्या 'फँड्री'च्या (२०१३) आरंभी जब्या काळ्या चिमणीच्या मागे रानात भटकतो. अपमान नंतर येतो, इच्छा आधी येते. माणसाला काय हवे होते हे एकदा कळले, की त्याच्याकडून काय हिरावले गेले हे वेगळे सांगावे लागत नाही.

वर उल्लेखिलेल्या गटाने चर्चेनंतर दुसरा आराखडा केला. त्यातील मुख्य कल्पना गटातील एका विद्यार्थिनीची आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी खारट. पिण्याचे पाणी नळाचे, आणि नळ रोज येत नाही. संध्याकाळी एक मुलगी रांगेत आपला गुंड ठेवते. त्याच्या कानाला लाल दोरा बांधते. मैत्रिणीला सांगते, "उद्या अकोल्याले फारम भराले जातो. तवरिक यवढा नंबर सांभाळजो वं." पुढचे दृश्य सकाळचे. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर, स्थिर. चेहरे दिसत नाहीत. हात आणि भांडी दिसतात. नळ एक आहे, रांगा दोन आहेत. नळातून आधी हवा सूं-सूं करते, मग पाणी येते. लाल दोऱ्याचा गुंड रांगेबरोबर पुढे सरकतो, पण त्याला हात लावणारी ती नव्हे.

"हा गुंड कोनाचा व्हय वं?"

"काय मालूम, बाप्पा."

गुंडाची पाळी येते. पाणी वाहत राहते. कोणी तो भरीत नाही, कोणी बाजूलाही करीत नाही. येथे चित्रपटाचे नाव येते.

या प्रसंगाला रात्र लागत नाही, भाड्याचे दिवे लागत नाहीत, प्रेत तर लागतच नाही. सकाळच्या उन्हात दोन मोबाईल पुरतात, एक चित्रासाठी आणि दुसरा नळाजवळ आवाजासाठी. प्रेक्षकाला काहीतरी घडले आहे एवढे कळते, आणि चौकटीतल्या प्रत्येक हाताला आपल्यापेक्षा अधिक ठाऊक आहे हेही कळते. जी बाई तो गुंड भरील ती साक्षीदार ठरेल. सगळा चित्रपट आता या एका कृतीची वाट पाहील. या आराखड्यात उणिवा आहेत. रिकामा गुंड प्रतीक म्हणून मिरवू लागण्याचा धोका आहे, आणि मुलगी पुढे केवळ अनुपस्थितीच बनून राहिली तर पहिल्या आराखड्याचाच दोष परत येईल. तिने भरायचा अर्ज, तिचे अक्षर, तिचा आवाज पुढच्या प्रसंगांत येत राहिला पाहिजे.

असे चित्रपट पाहायला कोण बसेल, असा आक्षेप घेतला जातो. तो प्रेक्षकाला कमी लेखणारा आहे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीच्या इंद्रभुवन थिएटरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली वऱ्हाडातील अस्पृश्यांची परिषद भरली होती. अंबादेवी मंदिरप्रवेशाचा प्रश्न तिच्यापुढे होता. जेथे एरवी खेळ पाहिला जाई, तेथे त्या दिवशी माणसे स्वतःच्या प्रश्नावर निर्णय घ्यायला बसली. प्रेक्षकाला निर्णय घेणारा माणूस मानणे, ही आपल्याकडची नवी गोष्ट नव्हे.

म्हणून शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी विद्यार्थ्यांच्या संहिता वाचताना तीन गोष्टी तपासाव्यात. पहिल्या प्रसंगात कॅमेरा कोणाशेजारी उभा आहे? ज्याच्यावर अन्याय होणार त्याला नाव आणि इच्छा आहे काय? आणि चौकटीतल्या कोणाकोणाला सत्य आधीच ठाऊक आहे? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहायला लागले की पाने वाढतात. सरपंच, पोलीस पाटील, दुकानदार, मास्तर असे एकेक नाव कागदावर येते. त्या यादीतून जो चित्रपट उभा राहील, तो आपला रहस्यपट असेल.