पाना, स्पॅनर आणि रोमन लिपी

प्रौढ माणसाला इंग्रजी शिकवायचे म्हणजे इंग्रजी बोलायला शिकवायचे, हे आपण फार पूर्वीच गृहीत धरून टाकले आहे. गावोगावच्या भिंतींवर ‘फाडफाड इंग्रजी’ची आश्वासने रंगवलेली असतात. पगाराच्या कागदावरची कपात ज्याला वाचता येत नाही, त्यालाही हे वर्ग आधी ‘हाउ डू यू डू’ म्हणायला लावतात. या लेखात तपासायचे आहे ते हे गृहीतच. आणि त्यासाठी भिंगारइतकी सोयीची जागा नाही.

नगर शहराला लागून असलेले हे गाव छावणीच्या सोबतीने वाढले. ऑगस्ट १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने नगरचा भुईकोट किल्ला घेतला आणि पुढे इथे फौजेचा कायमचा तळ झाला. आज रणगाडादलाचे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल, यंत्रसज्ज पायदळाचे केंद्र आणि लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई या संस्था याच परिसरात आहेत. पोलीस ठाण्याचे नावसुद्धा ‘भिंगार कॅम्प’. अशा गावात इंग्रजी शाळेतून आली त्याहून अधिक कामातून आली. ‘रिक्रूट’चा रंगरूट झाला, पहारेकऱ्याच्या ‘हू कम्स देअर’चा हुकुमदार झाला. गॅरेजमधला मिस्त्री क्लचप्लेट, गॅस्केट, बेअरिंग, सायलेन्सर हे शब्द दिवसभर वापरतो आणि त्यांना कुणी परके म्हटले तर त्यालाच नवल वाटेल. स्पॅनरला तो पाना म्हणतो. (पाना हा स्पॅनरचाच घासून उरलेला तुकडा की आपलाच जुना शब्द, हा वाद व्युत्पत्तिकारांनी घालावा.) दहा-अकराचा पाना, बारा-तेराचा पाना हे तो त्यावर कोरलेले आकडे पाहून उचलतो. म्हणजे वाचतोच. पण सुट्या भागांचे इंग्रजी यादीपत्रक समोर आले की तोच माणूस अडतो. शब्द जिभेवर आहे, वस्तू हातात आहे, अक्षर तेवढे दुसऱ्याचे आहे.

ही फट भरण्याचे जे मार्ग आपल्याकडे झाले, त्यांतला पहिला अर्थातच तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेचा. मराठी वाक्य घ्या, व्याकरणाचा नियम लावा, इंग्रजी वाक्य करा. या मालेने पिढ्यान्‌पिढ्या शालेय विद्यार्थी आणि कारकून घडवले, आणि तिची थट्टा करणाऱ्यांचे इंग्रजीही बहुधा तिच्यावरच पोसलेले होते. पण तिला वाचता-लिहिता येणारा, हाताशी वेळ असलेला मुलगा लागतो. दिवसभर लेथवर उभ्या राहिलेल्या माणसासाठी ती कधीच नव्हती.

दुसरा मार्ग रॅपिडेक्सचा. कपिल देवच्या चेहऱ्याने घरोघरी गेलेल्या या पुस्तकाने इंग्रजी वाक्यांचे उच्चार देवनागरीत छापले. भाषा परकी, लिपी आपली. मुलाखतीच्या आदल्या रात्री त्याचा काहींना उपयोग झाला असेल, नाही म्हणत नाही. मात्र देवनागरीतून पाठ केलेले वाक्य इंग्रजी अर्जावर छापलेले दिसले तर ते ओळखू येत नाही. जिभेला आणखी चार वाक्ये मिळाली, डोळा होता तिथेच राहिला.

तिसरा मार्ग छावणीतला आणि तो नेमका उलटा आहे. इंग्रजी अमदानीच्या अखेरच्या दशकांत हिंदी लष्करातल्या शिपायांचे शिक्षण रोमन लिपीतल्या हिंदुस्तानीतून चाले. १९०९ साली सुरू झालेले ‘फौजी अखबार’ही रोमन उर्दूत निघत असे, १९५४ पासून ते ‘सैनिक समाचार’ झाले. इथे लिपी परकी होती, भाषा ओळखीची. मराठा शिपायाची ती मातृभाषा नव्हती हे खरे, पण पलटणीत ती रोज कानावर पडत होती. अक्षर शिकताना अर्थासाठी वेगळे झगडावे लागत नव्हते. यामागे कुणाची शिक्षणविषयक दूरदृष्टी होती असे मानण्याचे कारण नाही. अनेक लिपींच्या फौजेला एक लिपी हवी होती आणि ती साहेबालाही वाचता यावी एवढाच हिशेब असणार. स्वातंत्र्यानंतर देवनागरी हिंदी आली, आणि ती यायलाच हवी होती. पण त्या जुन्या व्यवस्थेत शिकवण्याचा एक उपयुक्त क्रम दडलेला होता, तो लिपीबरोबर अडगळीत गेला. रोमन अक्षर शिकण्यासाठी आधी इंग्रजी भाषा यावी लागत नाही, हे छावणीने व्यवहारात दाखवले होते.

आपल्या ललित कृतींनी या बाबतीत फारशी मदत केलेली नाही. ‘ती फुलराणी’त शॉच्या ‘पिग्मॅलियन’चा पेच पु. लं.नी अस्सल मराठी केला. तिथे प्रश्न इंग्रजीचा नसून शुद्ध बोलण्याचा आहे, आणि परीक्षा उच्चारांची. ‘इंग्लिश विंग्लिश’ (२०१२) मधली शशी गोडबोले चार आठवड्यांच्या वर्गात इंग्रजी शिकते आणि तिची परीक्षा लग्नघरातल्या भाषणाने होते. दोन्ही कृतींत शिकणाऱ्याची लाज जाते, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण कुणी फॉर्म भरत नाही, कुणी सही करण्याआधी कागद वाचत नाही. भाषा म्हणजे चारचौघांत मिळणारी प्रतिष्ठा, ही मध्यमवर्गीय समजूत त्यांत पक्की बसलेली आहे.

त्यापेक्षा पुढचे पाऊल जोतीराव फुल्यांनी १८५५ मध्येच टाकले होते. ‘तृतीय रत्न’ या नाटकातले कुणबी जोडपे अखेरीस रात्रीच्या शाळेत जायचे ठरवते. का? तर पंचांग वाचणारा एकटा जोशी आहे आणि तो सांगेल ते खरे मानून ते कर्जात बुडाले आहेत. चारचौघांत मिरवण्याची हौस त्यांना नाही. आपल्या नावाने दुसरा जे वाचतो ते आपल्याला वाचता यावे, एवढेच हवे आहे. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाटक स्वीकारले नाही. त्याच वर्षी जोतीराव-सावित्रीबाईंनी शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. सावित्रीबाईंच्या ‘काव्यफुले’ (१८५४) संग्रहात इंग्रजी शिकण्याचा आग्रह धरणारी कविता आहे, आणि त्यांचे अध्यापनाचे शिक्षण याच नगरात मिस फॅरार यांच्याकडे झाले होते. भिंगारच्या संदर्भात हा धागा जवळचा आहे.

आज जोश्याच्या पंचांगाची जागा इंग्रजी कागदाने घेतली आहे. नियुक्तीपत्र, ठेकेदाराचा करार, भविष्यनिर्वाह निधीचा अर्ज, जॉबकार्ड, विम्याची कागदपत्रे. कायदा करणाऱ्यांना याची जाणीव नव्हती असे नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या १०८ व्या कलमाने कारखान्यातल्या सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावाव्यात असे सांगितले. १९४६ च्या कायद्याने स्थायी आदेशांना हीच अट घातली. भिंत दुभाषी झाली, पण कामगाराच्या हातात पडणारा कागद बहुतेक ठिकाणी एकभाषीच राहिला. आणि त्या दुभाषी भिंतीकडे पाठ्यपुस्तक म्हणून पाहायला हवे होते, ते कुणी पाहिले नाही. एका बाजूला मराठी, शेजारी तोच मजकूर इंग्रजीत, मधे रोजचे काम. यापेक्षा चांगली पाठमाला कोणती?

साक्षरता मोहिमांची अडचण वेगळी आहे. जनगणनेच्या व्याख्येत सात वर्षांवरील ज्याला कोणत्याही एका भाषेत समजून वाचता-लिहिता येते तो साक्षर. १९८८ च्या राष्ट्रीय साक्षरता मिशनपासून सध्याच्या उल्लास कार्यक्रमापर्यंत भर मातृभाषेतल्या वाचन, लेखन आणि संख्याज्ञानावर आहे. ते योग्यच आहे. पाया तिथेच घालावा लागतो. परंतु भिंगारचा मिस्त्री या व्याख्येत केव्हाच साक्षर ठरून मोहिमेच्या बाहेर पडलेला असतो. त्याच्या पुढच्या पायरीचा विचार मुंबईच्या श्रमिक विद्यापीठाने १९६७ साली सुरू केला होता: कामगाराचे काम आधी पाहा, मग त्यावरून अभ्यासक्रम ठरवा. पुढे या संस्था जन शिक्षण संस्थान झाल्या आणि शिवणकाम, ब्यूटी पार्लर अशा कौशल्यवर्गांकडे वळल्या. ते वर्ग हवेतच, पण मूळ प्रश्न मागे पडला.

पाउलो फ्रेइरी यांनी ब्राझीलमध्ये मजुरांना ‘वीट’ या शब्दापासून अक्षरे शिकवली, कारण तो शब्द त्यांच्या हातात होता. भिंगारमध्ये ‘वीट’ शोधण्याचेही कष्ट नाहीत. आणि ज्या गोष्टीसाठी छावणीला मास्तर नेमावे लागले, ती इथल्या माणसांनी आपली आपण करून टाकली आहे: मोबाइलवर ते मराठी रोमन अक्षरांत लिहितात. ‘उद्या सुट्टी आहे का’ हे इंग्रजी अक्षरांत टंकणारा माणूस रोमन लिपीत साक्षर आहे, फक्त त्याला तसे कुणी सांगितलेले नाही. शुद्धलेखनप्रेमी या लिहिण्यावर नाक मुरडतात. मराठीच्या दृष्टीने त्यांचे दुःख मला मान्य आहे. तरीही प्रौढशिक्षणाच्या दृष्टीने ही तयार पायरी आहे. तिच्यावरून दुसरी पायरी म्हणजे तोंडातलेच शब्द: क्लच, ऑइल, पंप, नट, गेट. त्यानंतर कागदातले.

इथे खरी अडचण येते ती स्पेलिंगची. मोबाइलवर जसे बोलावे तसे लिहिले तरी भागते. इंग्रजीत ‘गेज’मध्ये यू येतो, ‘रिसीट’मध्ये मुका पी बसतो. पण कामगाराला हे शब्द लिहायचे कमी आणि ओळखायचे जास्त असतात. ओळखण्याला स्पेलिंग पाठ लागत नाही, हा भेद वर्गांनी कधी केला नाही. वहीभर स्पेलिंगे लिहून घेतली आणि माणसे तिसऱ्या आठवड्यात यायची थांबली.

कागदच मराठीत मागा, इंग्रजी कशाला, असाही आक्षेप येईल. मागावाच. मात्र तो मिळेपर्यंत सह्या थांबत नाहीत, आणि मराठी कागद मिळाल्यावरही शेजारचा इंग्रजी मजकूर तोच आहे की नाही हे कुणीतरी ताडून पाहावे लागेल.

अशा वर्गाला शिक्षक कोण, हा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. नागापूरच्या एमआयडीसीतून निवृत्त झालेला स्टोअरकीपर किंवा छावणीच्या कार्यालयात हयात घालवलेला कारकून या दोघांनी दोन्ही भाषांतली नोंदवही वर्षानुवर्षे सांभाळलेली असते. स्पोकन इंग्लिशच्या पदवीपेक्षा ती नोंदवही इथे जास्त कामाची आहे. पुस्तक छापण्याचीही घाई नको. गेल्या महिन्याचा स्वतःचा पगाराचा कागद प्रत्येकाने सोबत आणावा, आणि त्यातला ज्याला रोज ‘कटिंग’ म्हणतो तो रकाना कोणता, हे आधी बोट ठेवून दाखवावे.