एक चांगला माणूस दाखवला की झालं?

"म्हणजे तू सिरियली बघून पीएचडी करतेस?" हा प्रश्न आता मला पाठ झालाय. हो, बघूनच करते. फक्त एकेक प्रसंग पाच-सहा वेळा बघावा लागतो. आज त्यातलीच एक मालिका घेऊ: अमेरिकेतली '२४'.

तिचा चौथा सीझन २००५ साली आला. सुरुवातीलाच एक कुटुंब नाश्ता करताना दिसतं. आई, वडील, शाळकरी मुलगा. मूळचे मध्यपूर्वेतले, पण घर अगदी चारचौघांसारखं. थोड्याच वेळात कळतं की तिघंही दहशतवादी कटात आहेत. म्हणजे इथे खलनायक परका नाही, शेजारी आहे.

अमेरिकेतल्या मुस्लिम संघटनेने हरकत घेतली. मग नायकाचं काम करणाऱ्या कीफर सदरलँडचं निवेदन दाखवलं गेलं, की अमेरिकी मुस्लिम दहशतवादाच्या विरोधातच आहेत. शिवाय त्याच सीझनमध्ये पुढे दोन अरब भाऊ येतात. त्यांचं दुकान असतं. ते नायकाच्या बाजूने बंदूक उचलतात.

आता तुम्ही म्हणाल, झाली की भरपाई! इव्हलिन अल्सुलतानी या अभ्यासकाचं म्हणणं नेमकं इथेच कामाला येतं. २०१२च्या पुस्तकात ती दाखवते की अशा मालिकांचे ठरलेले उपाय असतात: वाईट पात्रासमोर एक देशभक्त पात्र ठेवायचं, किंवा देशच काल्पनिक करायचा. (आठव्या सीझनमध्ये आपला अनिल कपूर अशाच 'कामिस्तान'चा भला राष्ट्राध्यक्ष झालाय.) चित्रण वरवर गुंतागुंतीचं वाटतं, पण गोष्टीचा सांगाडा तोच राहतो.

मला हे पटतं, आणि त्यात मी एक भर घालीन. त्या दोन भावांना चांगलं ठरायला काय करावं लागलं? जीव धोक्यात घालावा लागला. नुसतं दुकान चालवून भागलं नाही.

याउलट पाचवा सीझन बघा. तिथे कटामागे खुद्द अमेरिकेचा गोरा राष्ट्राध्यक्ष निघतो. पण म्हणून गोऱ्या कुटुंबांचा नाश्ता कुणाला संशयास्पद वाटत नाही. त्याचा गुन्हा त्याच्या एकट्याचा राहतो. त्या कुटुंबाचा गुन्हा मात्र सगळ्या समाजाच्या खात्यावर जमा होतो, म्हणून तर निवेदन द्यावं लागलं!

थ्रिलरला खलनायक लागणारच, त्याबद्दल तक्रार नाही. पण कुठल्या समाजाचे किती खलनायक, एवढंच मोजून भागत नाही. मी माझ्या वहीत दुसराच प्रश्न लिहून ठेवलाय: या समाजातलं एक तरी माणूस गोष्टीत काहीही सिद्ध न करता, नुसतं चहा पीत बसलेलं दिसतं का?

आज रात्री जी मालिका लावाल, तिला हा प्रश्न विचारून बघा. आपल्याकडची असली तरी.