मिशी आणि नमुना सही

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कॉलेजात तत्त्वज्ञानाचा वर्ग आमच्या शेजारी भरायचा आणि तिथे मुलं फार कमी असल्यामुळे जादा बाकं आम्ही उचलून आणायचो. तत्त्वज्ञानाशी माझा संबंध एवढाच. पुढे बँकेत चिकटलो. गेली वीस वर्षं त्याच काउंटरमागे बसून लोकांच्या सह्या पाहतो आहे. तेव्हा आज मी एका सिनेमातलं तत्त्वज्ञान सांगणार म्हटल्यावर तुम्ही हसाल. हसा. सिनेमाही हसण्याचाच आहे.

सिनेमा म्हणजे 'गोलमाल'. हृषिकेश मुखर्जींचा, १९७९ सालचा. टीव्हीवर लागला की आमच्या घरी रविवार संपला असं समजायचं.

"अहो, किती वेळा तेच ते बघाल?" सौ. विचारते.

"अगं, यात तत्त्वज्ञान आहे."

"मग ते बघून झालं की दळण आणा."

गोष्ट तुम्हाला पाठ असेल. रामप्रसाद दशरथप्रसाद शर्मा हा हिशेबात हुशार तरुण, घरी धाकटी बहीण आणि हाताला काम नाही. मालक भवानीशंकर यांचा सिद्धान्त असा, की ज्याला मिशी नाही त्याच्या चारित्र्याचा भरवसा नाही, आणि तरुणाने खेळाच्या नादी लागणं म्हणजे वाया जाणं. राम मित्राचा तोकडा कुर्ता घालून मुलाखतीला जातो, खेळातलं ओ की ठो कळत नसल्याचं सोंग करतो आणि नोकरी पटकावतो. मग हॉकीच्या सामन्याला गेलेला असताना खुद्द मालकच त्याला पाहतात. झालं! नोकरी वाचवायला लक्ष्मणप्रसाद नावाचा बिनमिशीचा जुळा भाऊ जन्माला येतो.

इथे हा सिनेमा नुसत्या विनोदाच्या वर जातो. रामची मिशी मुळात खरी असते. खोटा भाऊ होण्यासाठी तो ती खरी मिशी उतरवतो आणि मग पुन्हा खरा राम होण्यासाठी खोटी मिशी लावतो! आता सांगा, यातला खरा कोण? आमच्या आजीच्या म्हणण्याप्रमाणे जीव गर्भात असताना 'सोऽहम्' म्हणतो आणि जन्मला की 'कोऽहम्' म्हणून रडतो. २००२ साली रिझर्व्ह बँकेने 'केवायसी'चे नियम आणल्यापासून तो खातं उघडतानाही रडतो, एवढीच भर मी घालीन.

अमोल पालेकरांना या भूमिकेसाठी फिल्मफेअर पारितोषिक मिळालं. सिनेमात येण्यापूर्वी त्यांनी काही वर्षं बँकेत नोकरी केली होती, हे आमच्या शाखेत नव्या कारकुनाला पहिल्याच दिवशी सांगतात. मला त्यांच्या अभिनयाचं नवल वाटत नाही. दहा ते पाच एक चेहरा आणि पाचनंतर दुसरा, हा सराव काउंटरवर आपोआप होतो.

पण माझ्या मते सिनेमा खरा उत्पल दत्त यांचा. त्यांचा भवानीशंकर मूर्ख नाही. धंदा नीट चालवतो, माणसाला सचोटी हवी म्हणतो, यात चूक काय? चूक एवढीच, की सचोटी डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्याने मिशी पाहायची सवय लावून घेतली. तोच आवाज, तेच डोळे, तेच नाक समोर उभं असतं. मिशी असली की शाबासकी, नसली की हाकलपट्टी. स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्याचा स्वतःच्या नियमावर विश्वास जास्त. मी या माणसाला वर्षानुवर्षं खो खो हसत आलो.

गेल्या वर्षीपर्यंत.

आमच्या शाखेत एक निवृत्त गुरुजी पेन्शन न्यायला येतात. अर्ध्या गावाला त्यांनी मुळाक्षरं शिकवली. संध्याकाळी प्रौढांचे वर्ग घेऊन कितीतरी बायाबापड्यांना अंगठा सोडून सही करायला लावलं. त्या दिवशी त्यांना पत्नीच्या औषधांसाठी पैसे हवे होते. मी त्यांची चौकशी केली, गुडघ्यांचं विचारलं आणि पैसे काढायची स्लिप परत केली.

"गुरुजी, सही जुळत नाही."

"अहो, हात कापतो. पण मी तोच आहे ना?"

"तुम्ही तेच आहात हो, पण सही ती नाही."

हे वाक्य माझ्या तोंडून गेलं आणि मला ओठावर काहीतरी चिकटल्यासारखं वाटलं. मी मिशी ठेवत नाही, तरीही.

आता नियमही दगडाचे नसतात. वृद्ध वा आजारी खातेदाराला सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी हवा. मॅनेजरसाहेब आले. शाईचा पॅड आला. गुरुजींनी अंगठ्याकडे जरा वेळ पाहिलं. "आयुष्यभर लोकांचे सोडवले," एवढंच म्हणाले आणि उमटवला.

एका साक्षीदाराची सही साहेबांनी केली. दुसरी मी. म्हणजे 'ही सही यांची नाही' असं पाच मिनिटांपूर्वी सांगणाऱ्यानेच 'मी यांना ओळखतो' असं लिहून दिलं. आणि माझी सही मात्र कोणी ताडून पाहिली नाही.

त्यानंतर 'गोलमाल' पाहिला तेव्हा त्यातली एक उणीव प्रथमच जाणवली. शेवटची पळापळ लांबते, ती नव्हे. अगदी शेवटी सगळ्यांचा फोटो दिसतो आणि त्यात भवानीशंकर बिनमिशीचा असतो. पण ती मिशी त्याने उतरवली कधी? आरशासमोर उभा राहून त्याला काय वाटलं? तो क्षण दिग्दर्शकाने पडद्याआड ठेवला. प्रेक्षक हसत घरी जावा म्हणून ठेवला असेल. मला मात्र तेवढाच पाहायचा होता.

पुढच्या महिन्यात गुरुजी आले. मी उठून त्यांना खुर्ची दिली, पॅड आधीच उघडून ठेवला होता. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"काय रे, आज मी आहे का?"

"आहात, गुरुजी."

"मग मोज लवकर. औषधाचं दुकान बंद होईल."