आईविषयीचे बोलणे आणि आईचे बोलणे

मराठी साहित्यात आईविषयी जितक्या भक्तिभावाने लिहिले गेले आहे, तितक्या भक्तिभावाने दुसऱ्या कोणत्याही नात्याविषयी क्वचितच लिहिले गेले असेल. कविता, कथा, चरित्रे, चित्रपट या सर्वांनी आईला मखरात बसविले आहे आणि वाचकानेही तेथे हात जोडले आहेत. हे सारे लेखन पुन्हा वाचताना एक साधा प्रश्न विचारून पाहावा, असे आम्हांस वाटते. येथे बोलते कोण? आईविषयी कोणी बोलत आहे, की आई स्वतः बोलत आहे? हा प्रश्न वरवर व्याकरणाचा वाटतो. प्रत्यक्षात तो घरातील शांततेचा प्रश्न आहे.

तो आम्हांस का महत्त्वाचा वाटतो, हे प्रथम सांगितले पाहिजे. मुळशी तालुक्यातील महाळुंगे हे मुळा नदीकाठचे गाव. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी महाळुंगे-बालेवाडीच्या माळावर क्रीडानगरी उभी राहिली, पुढे शेजारच्या हिंजवडीत संगणक उद्योग आला आणि शेताच्या बांधांवर बहुमजली इमारती उभ्या राहिल्या. २०२१ च्या जून महिनाअखेरीस हे गाव पुणे महापालिकेत समाविष्ट झाले. या इमारतींतून राहावयास आलेल्या कुटुंबांत आपली कॅथलिक कुटुंबेही आहेत. नवराबायको दोघेही नोकरी करणारी, सासर-माहेर दोन्ही दूर, घरात एक किंवा दोन मुले. अशा घरी कुटुंबभेटीस गेले असता चहाचा कप पुढे करता करता तरुण माता एक वाक्य हमखास बोलून जातात : “फादर, मी काही चांगली आई नाही.” का, असे विचारले तर कारणे अगदी साधी निघतात. मुलावर ओरडले. डबा बाहेरून मागविला. रविवारच्या मिस्साला मुलांना तयार करता करता स्वतःच रडकुंडीला आले. ही कारणे पापाची नव्हेत, ती थकव्याची आहेत. मग थकव्याला पाप समजण्याची सवय त्यांना लागली कोठून? आमच्या मते तिचे एक मूळ आपल्या वाचनात आहे.

मराठी घरात आईचा आदर्श म्हणून पहिले नाव घेतले जाते ते साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’चे. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेले हे पुस्तक १९३५ साली प्रसिद्ध झाले. आचार्य अत्रे यांनी १९५३ साली त्यावर काढलेल्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. या पुस्तकाची थोरवी आम्ही कमी लेखीत नाही. मात्र त्याची रचना लक्षात घ्यावी. मोठा झालेला श्याम आश्रमातील सोबत्यांना रात्री बसून आईच्या आठवणी सांगतो. तो सांगू लागतो तेव्हा आई या जगात नाही. तिच्या अखेरच्या क्षणी तो जवळ पोहोचू शकला नव्हता. म्हणजे हे आईचे चित्र नसून आईला मुकलेल्या मुलाच्या अंतःकरणाचे चित्र आहे. पश्चात्ताप आणि कृतज्ञता यांच्या पाण्याने ते धुऊन निघाले आहे. म्हणूनच ते इतके निर्मळ दिसते.

तरीही गुरुजी प्रामाणिक लेखक होते. त्यांची यशोदा देवी नाही. पोहावयास जाण्याचे टाळणाऱ्या श्यामला ती छडीने झोडपते. एकत्र कुटुंबातील अपमान तिला सोसवत नाही. कर्जाच्या वसुलीस आलेल्या माणसाचे शब्द ती विसरत नाही. आजारपणातही तिचे काम थांबत नाही. हे सर्व पुस्तकात आहे. वाचकांनी मात्र त्यातून अंघोळीनंतर पायाला माती लागू नये म्हणून मुलासाठी पसरलेले ओचे तेवढे उचलले आणि कर्जाच्या अपमानाने पोळलेली स्त्री तेथेच ठेवली. दोष पुस्तकाचा नाही. तो आपल्या अश्रूंचा आहे. आपण रडलो आणि रडल्यामुळे वाचावयाचे राहून गेले. एक गोष्ट मात्र गुरुजींनाही सांगता येणे शक्य नव्हते. सारे घर झोपल्यावर एकट्या जाग्या असलेल्या यशोदेच्या मनात काय चालत असे? ते मुलाला ठाऊक नसते, कारण त्या वेळी तो झोपलेला असतो.

त्याच सुमारास, १९३४ पासून, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ भागाभागाने प्रसिद्ध होऊ लागली. दोन पुस्तकांत वर्षाचेही अंतर नाही, परंतु दृष्टीत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. येथे बाई स्वतः बोलते. कोवळ्या वयात लग्न होऊन आलेली, रीतसर शाळा न पाहिलेली ही स्त्री आपला संसार सांगते. पती रेव्हरंड ना. वा. टिळक कवी आणि उदार. खिशात पैसा टिकत नाही, मनात आले की घर सोडून चालू लागतात. ही बाई त्यांच्यावर जीव टाकते आणि त्यांच्यावर वैतागतेही. दोन्ही गोष्टी ती एकाच पानावर लिहिते आणि त्यांत तिला विसंगती वाटत नाही. १८९५ साली टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा घर दुभंगले. पदरी लहान दत्तू, नातलगांचा धाक, मनात पतीची ओढ आणि जातीचे भय, अशी काही वर्षे विभक्तपणे काढून १९०० साली तिने स्वतःच्या विचाराने तोच मार्ग धरला. एवढ्या मोठ्या उलथापालथीची हकिकत सांगतानाही तिच्या वाक्यांत हसू आहे, आणि ते हसू प्रथम स्वतःवर आहे.

हे हसू हा ‘स्मृतिचित्रां’चा केवळ भाषिक गुण नाही, ती नैतिक भूमिका आहे, असे आम्ही मानतो. जी स्त्री स्वतःच्या रागाला, भित्रेपणाला आणि हट्टाला हसू शकते, तिला मखराची गरज उरत नाही. ती क्षमा मागतेही आणि क्षमा करतेही. मखरातील मूर्तीला क्षमा कोण करणार? तिच्याकडून चूकच होत नाही अशी समजूत असते. म्हणून ज्या दिवशी चूक होते, त्या दिवशी सारे घर तिच्याकडे भंगलेल्या मूर्तीकडे पाहावे तसे पाहते आणि तीही स्वतःकडे तसेच पाहू लागते.

लिहिणारी लक्ष्मीबाई एखादीच. न लिहिणाऱ्या मातांचे काय? त्याचे उत्तर याच मुळशीच्या डोंगरात आहे. गी पॉइत्वाँ हे जन्माने फ्रेंच, पुण्यात स्थायिक झालेले अभ्यासक आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी खेड्यांतील स्त्रियांच्या तोंडून जात्यावरच्या ओव्या गोळा करण्यास प्रारंभ केला. पुढे हे काम महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांत पोहोचले आणि संग्रह एक लाख ओव्यांच्या पलीकडे गेला. पॉइत्वाँ २००४ साली आणि राईरकर २०१० साली निवर्तल्या, परंतु त्यांनी जमविलेला आवाज ध्वनिमुद्रणांत शिल्लक आहे. आपल्या समाजाला ओवी परकी नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचे १६१६ साली छापले गेलेले ‘ख्रिस्तपुराण’ ओवीछंदातच आहे. ती ग्रंथाची ओवी, ही जात्याची. तिला कर्त्याचे नाव नाही, छापखाना नाही, श्रोत्यांची सभा नाही.

या ओव्यांतील आई कशी आहे? लेक तिची मैना आहे, लेक सासरी निघाली की तिचा कंठ दाटतो. मुलगा तिचा राघू आहे, त्याचे कौतुक तिला पुरत नाही. येथवर सारे ओळखीचे. परंतु त्याच खुंट्याला धरून ती सासूचे बोल, नवऱ्याची उपेक्षा, मोडून आलेली पाठ आणि माहेरच्या वाटेकडे लागलेले डोळेही गाते. सीता तिला देव्हाऱ्यातील देवता म्हणून आठवत नाही. वनात टाकलेली, तेथेच बाळंत झालेली सोबतीण म्हणून ती आठवते. आनंद आणि ताण येथे वेगवेगळ्या ओव्यांत वाटून दिलेले नाहीत. दळणाच्या एका बैठकीत दोन्ही एकाच पिठात मिसळतात. आम्हांस हे मातृत्वाचे अधिक खरे वर्णन वाटते.

या ओव्यांचीही भक्ती करू नये. मुलग्याचे कौतुक आणि मुलीला परक्याचे धन मानणे ही जुनी तेढ त्यांतही आहे. गाणारीने ती सोसली आणि पुष्कळदा पुढेही दिली. शिवाय या गाण्यामागे पहाटेपूर्वीचे हाडे खिळखिळी करणारे कष्ट होते. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा बायांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, तर त्यात नवल नाही. जाते परत यावे असे म्हणण्याचा अधिकार ज्याने कधी पायली दळली नाही त्याला नाही.

परंतु जात्यापाशी आणखी एक गोष्ट होती, जिच्याकडे आपले लक्ष गेले पाहिजे. जाते बहुधा दोघी मिळून ओढीत. म्हणजे गाणारीसमोर ऐकणारी असे. ओवी ही तक्रार नव्हती, प्रार्थनाही नव्हती. समोरच्या बाईला सांगणे होते, आणि समोरची बाई पुढची ओवी म्हणून त्याला उत्तर देई. गिरणीने दळण नेले ते योग्यच झाले. त्याबरोबर ही ऐकणारी सोबतीणही गेली, आणि तिची जागा आपण भरली नाही.

काम मात्र गेले नाही. केंद्र शासनाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, तर घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. स्त्रीची दहा मिनिटे कमी झाली तेव्हा पुरुषाचीही नऊ कमी झाली. म्हणजे तिच्या पदरची जी मिनिटे सुटली, ती पतीने उचलली असे दिसत नाही. २०१७ साली कायद्यात दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी प्रसूतिरजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, हे स्वागतार्हच आहे. पण रजा संपल्यावर घरात कोण काय उचलणार, हे कोणताही कायदा ठरवीत नाही. ते घरानेच ठरवावयाचे असते. महाळुंग्याच्या अकराव्या मजल्यावर मिक्सर आहे, धुलाईयंत्र आहे, उद्वाहन आहे. समोर बसून ऐकणारे माणूस मात्र नाही, आणि शेजारच्या बंद दारापलीकडे तशीच दुसरी आई तशीच एकटी आहे.

येथे आपण पवित्र मरियामातेचे नाव घेऊ, कारण आदर्श म्हणून तिचेच नाव आपल्या घरांत प्रथम घेतले जाते. संत लूकच्या शुभवर्तमानात बारा वर्षांचा येशू यरुशलेमच्या मंदिरात मागे राहतो आणि आईबाप तीन दिवस त्याला शोधीत फिरतात. सापडल्यावर मरिया काय करते? ती त्याला जाब विचारते, आम्ही किती कासावीस झालो हे सांगते. मुलाचे उत्तर तिला आणि योसेफाला उमगत नाही, हेही शुभवर्तमानकार लपवीत नाही. आपण मूर्तीचे शांत मुख पाहतो आणि हा अध्याय विसरतो. शुभवर्तमानातील ही आई थकते, घाबरते, बोलून दाखविते आणि तरीही कृपेने परिपूर्ण आहे. थकव्याला पाप समजणाऱ्या मातांनी हा अध्याय पुन्हा वाचावा, आणि त्यांच्या पतींनी तो त्यांच्याआधी वाचावा. मरियेच्या शेजारी योसेफही तीन दिवस चालत होता.

म्हणून वाचकहो, आमचा निष्कर्ष असा. ‘श्यामची आई’ घरात अवश्य असावे, परंतु त्याच्या शेजारी ‘स्मृतिचित्रे’ असावे. पहिले मुलांना कृतज्ञता शिकवील, दुसरे आईला धीर देईल. आणि एक स्मरण राहावे. ज्या साने गुरुजींनी आईविषयी एवढे लिहिले, त्यांनीच बायांच्या ओव्या गोळा करून ‘स्त्री-जीवन’ हा संग्रह सिद्ध केला. आईविषयी बोलणाऱ्या लेखकाला आईचे बोलणे ऐकण्याची गरज स्वतःच उमगली होती. त्यांचे पहिले पुस्तक आपण डोक्यावर घेतले, दुसरे बहुतेकांना ठाऊकही नाही. या दोन पुस्तकांच्या नशिबातील फरक हाच आपल्या घरांतील फरक आहे.

मातृदिनी आईला फुले देणारी मुले आपल्या धर्मग्रामात पुष्कळ आहेत, आणि ती द्यावीतच. परंतु रात्रीची जेवणे आटोपल्यावर भांडी विसळता विसळता शेजारी उभे राहून, “आज तुझा दिवस कसा गेला?” असे विचारावे, आणि उत्तर संपेपर्यंत तेथून हलू नये. ती कुरकुरली तर कुरकुर ऐकावी, हसली तर हसावे. जात्याच्या दुसऱ्या बाजूची जागा रिकामी आहे. तेथे पतीने बसावे, मुलाने बसावे, सासूने बसावे, शेजारणीने बसावे. आईची स्तुती करणे सोपे आहे, कारण त्यासाठी ती बोलण्याची वाट पाहावी लागत नाही.