कूर्मदृष्टि आणि रुग्णसेवा

आपल्या संतवाङ्मयांत कासवीच्या दृष्टीचा दृष्टान्त वारंवार येतो. ती पिलांस पाजीत नाहीं, कुशींतहि घेत नाहीं. दुरून केवळ नजरेनें त्यांचें पोषण करते, अशी ती कल्पना. प्राणिशास्त्रास ती मान्य नाहीं. सागरी कासवी वाळूंत अंडीं घालून निघून जाते आणि पिलें आपलीं आपणच पाण्याकडे धांवतात. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ (२०१६) या चित्रपटांत ती कल्पना आणि हें सत्य शेजारीं शेजारीं नांदतात.

आत्महत्येच्या उंबरठ्यावरून परतलेला एक तरुण जानकीला भेटतो. ती स्वतः नैराश्यांतून गेलेली. ती त्याला कोंकणांतील आपल्या घरीं आसरा देते. चौकशीचा ससेमिरा लावीत नाहीं, उपदेशहि करीत नाहीं. हा चित्रपट निघाला त्या सालीं आत्महत्येचा प्रयत्न दंडविधानान्वयें अपराधच होता. अशा माणसास शिक्षा न करतां तो तीव्र मानसिक ताणाखालीं होता असें मानावें, हें कायद्यानें ठरविलें तें २०१७ सालीं. जानकीच्या मौनाचें मोल यावरून कळावें.

तथापि एक शंका मनांतून जात नाहीं. जानकीजवळ समुद्रकांठचें घर आहे, गाडी आहे, आणि मुख्य म्हणजे वेळ आहे. वेदगंगेकांठच्या आमच्या मुरगुडासारख्या गांवीं, ऊसतोडीच्या दिवसांत, घरांतला एक मनुष्य महिनेच्या महिने भिंतीकडे पाहत बसला, तर त्याजकडे अशा दृष्टीनें पाहण्यास सवड कोणाला? आधीं आई जागते, मग भावजय; आणि शेजारी येतात ते देवरुषाचें नांव सुचवून जातात.

या शंकेचें उत्तर याच दिग्दर्शकांच्या ‘देवराई’त (२००४) शोधावें लागतें. त्यांतील शेष (अतुल कुलकर्णी) स्किझोफ्रेनियानें ग्रस्त आहे. त्याचा भार वाहते ती त्याची बहीण सीना (सोनाली कुलकर्णी). आणि तिला स्वतःचा संसार आहे. येथें औषधें आहेत, डॉक्टर आहेत, आणि शेषच्या मनांत ठाण मांडून बसलेलें तें देवाचें रान आहे. चमत्कार मात्र कोठेंहि नाहीं. सुमित्राबाई समाजकार्याच्या अभ्यासांतून चित्रपटाकडे आल्या होत्या. रुग्णाइतकेंच त्याच्या घरच्यांकडेहि लक्ष द्यावें लागतें, ही जाण त्यांना तेथूनच लाभली असावी.

‘कासवा’स राष्ट्रीय पुरस्काराचें सुवर्णकमळ मिळालें, तें योग्यच झालें. त्यांतील शान्ति खरी आहे. परंतु ती निवांतपणाच्या आधारावर उभी आहे. ‘देवराई’ पाहून उठतांना मन इतकें स्वस्थ राहत नाहीं. ज्यांच्या घरीं असें दुखणें आहे, त्यांनीं दोन्ही चित्रपट पाहावेत. मात्र ‘देवराई’ सर्व कुटुंबानें एकत्र बसून पाहावा. आजवर ज्या सीनेनें एकटीनें सर्व निभावलें, तिचें काम त्यानंतर कदाचित् वांटून घेतलें जाईल. सुमित्राबाई २०२१ सालीं निवर्तल्या. त्यांच्या कलाकृतींचें ऋण फेडण्याचा याहून चांगला मार्ग मला सुचत नाहीं.