माकडतापाचा नकाशा आणि ‘प्रसार’ ही कल्पना

१९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर अरण्यात माकडे मरू लागली आणि त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांत माणसे तापाने अंथरुणास खिळू लागली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रातील अभ्यासकांनी या रोगाचा विषाणू शोधून काढला. गोचिडीच्या दंशाने होणारा हा रोग पुढे कित्येक दशके मुख्यतः कर्नाटकाच्या पश्चिम भागातच नोंदला गेला. २०१२ नंतर मात्र बांदीपूर, निलगिरी व वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग अशी नावे नोंदींत आली. त्यांवरून ‘रोग पसरला’ असे सर्रास म्हटले जाते. हे विधान कितपत ग्राह्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

नकाशावरील एका ठिपक्यात तीन भिन्न गोष्टी एकत्र आलेल्या असतात: अरण्यात विषाणूचे अस्तित्व, त्या अरण्याशी माणसाचा आलेला संबंध आणि तापाचे अचूक निदान. यांपैकी कोणतीही एक बदलली तरी नवा ठिपका उमटतो. म्हणून केवळ ठिपक्यांवरून विषाणूचे स्थलांतर सिद्ध होत नाही. सौराष्ट्र-कच्छमधील माणसांच्या रक्तात या विषाणूची प्रतिद्रव्ये पूर्वीच आढळली होती. अशा प्रतिद्रव्यांचा पुरावा निर्णायक नसतो, कारण सजातीय विषाणूंमुळेही तशी प्रतिक्रिया उमटू शकते. तथापि रुग्णांचा नकाशा हाच विषाणूचा नकाशा, या समजुतीस तो पुरेसा धक्का देतो.

बोशेल यांनी १९६९ साली मांडलेले विवेचन आजही आधारभूत मानले जाते. जंगलतोड, रानाच्या कडेची शेती आणि गुरांची चराई यांमुळे गोचिडी वाढल्या व रोगाचा उद्रेक झाला, असा त्याचा आशय. पूर्ण वाढलेली गोचीड गुरांवर पोसली जाते, हे लक्षात घेता ही उपपत्ती सयुक्तिक ठरते. परंतु असलेला विषाणू एके ठिकाणी कसा बळावतो, एवढेच तिने उलगडते. दूरच्या अरण्यात तो मुळात कसा आला, याचे उत्तर तिच्यात शोधणे अन्यायाचे होईल.

उलटपक्षी, सारा विस्तार म्हणजे केवळ सुधारलेल्या निदानाचा परिणाम, हे मतही एकांगी आहे. माणसाला बहुधा अपरिपक्व गोचीड चावते. तिचा सुकाळ कोरड्या ऋतूत असतो आणि काजूचा हंगामही त्याच दिवसांत येतो. बागेत वाकून काजू वेचणाऱ्या मजुराचा रानाशी येणारा हा संबंध निदानाच्या साधनांनी निर्माण केलेला नाही.

हा वाद केवळ शब्दांचा नव्हे. रोग लाटेसारखा पुढे सरकतो असे मानले, तर आरोग्यखाते शेजारच्याच तालुक्यावर लक्ष ठेवील. तो अनेक अरण्यांत सुप्त असू शकतो असे मानले, तर जेथे एकही रुग्ण नाही तेथेही गोचिडी गोळा करून तपासाव्या लागतील आणि मेलेल्या प्रत्येक माकडाची नोंद घ्यावी लागेल. माणसापासून माणसास हा रोग होत नाही. म्हणजे रुग्ण हा या साखळीचा शेवट असतो. त्या शेवटाच्याच नोंदींवरून आपण आरंभाचा भूगोल लिहीत आहो. हा क्रम उलटा केल्यावाचून ‘प्रसार’ या शब्दास शास्त्रीय अर्थ लाभणार नाही.