साच्यापलीकडची गिरणी : वस्त्रोद्योगाचा वारसा, मराठी समीक्षा आणि पीण्या

मराठीत ‘साचा’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. गिरणीकामगाराच्या बोलीत साचा म्हणजे माग. सर्वसाधारण व्यवहारात साचा म्हणजे वस्तूला ठरीव आकार देणारे साधन. गिरणीविषयक मराठी साहित्याच्या समीक्षेचा प्रवास पाहिला, तर पहिल्या साच्याचा विचार करता करता ती दुसऱ्या साच्यात अडकली, असे म्हणावे लागते. गिरणी म्हणजे मुंबई, कामगार म्हणजे कोकणातून वा घाटावरून आलेला पुरुष, वस्ती म्हणजे चाळ, आवाज म्हणजे भोंगा आणि शेवट म्हणजे १९८२ चा संप, अशी या साच्याची ठरीव अंगे आहेत. त्याबाहेरचे वस्त्रकाम समीक्षेला सहसा दिसत नाही. बेंगळुरूचे पीण्या औद्योगिक क्षेत्र हे त्याचे ठळक उदाहरण होय.

हा साचा निराधार आहे, असे मात्र नाही. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीची पायाभरणी केल्यापासून गिरणगावाने मराठी जीवनाला एक नवी भाषा दिली. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’ या कादंबरीने या जगाला ललित गद्यात प्रवेश दिला. नारायण सुर्वे यांच्या ‘ऐसा गा मी ब्रह्म’ (१९६२) व ‘माझे विद्यापीठ’ (१९६६) या संग्रहांनी कामगाराला केवळ काव्यविषय न ठेवता काव्याचा वक्ता केले. १८ जानेवारी १९८२ रोजी दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्याच्या पडझडीतून जयंत पवार यांचे ‘अधांतर’ हे नाटक उभे राहिले. या साहित्याचे मोल वादातीत आहे. वाद आहे तो त्यातून समीक्षेने काढलेल्या निष्कर्षाबद्दल.

या कृतींचे बारकाईने वाचन केल्यास त्या स्वतःच साच्याला छेद देताना दिसतात. ‘अधांतर’मध्ये गिरणी रंगमंचावर येत नाही; येते ते तिच्या बंद पडण्याने उसवलेले घर, आणि ते घर सावरून धरते ती आई. सुर्वे यांना वाढवणारे गंगाराम व काशीबाई हे दोघेही गिरणीत कामाला जाणारे होते. तरीही सुर्वे यांच्या चरित्राच्या मांडणीत गंगारामांची गिरणी जितकी दिसते तितकी काशीबाईंची दिसत नाही. मुंबईच्या गिरण्यांत वाइंडिंग व रीळिंग या खात्यांमध्ये एकेकाळी स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. विसाव्या शतकात ही संख्या सातत्याने घटत गेली. साहित्यविचारात त्या मुळातच परिघावर होत्या, त्यामुळे त्यांच्या जाण्याची नोंदही क्षीण राहिली. मीना मेनन व नीरा आडारकर यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या गिरणगावाच्या मौखिक इतिहासाने ही उणीव काही प्रमाणात भरून काढली; मात्र त्याकडे साहित्यसमीक्षेने ‘समाजशास्त्रीय सामग्री’ म्हणूनच पाहिले.

साच्याची दुसरी मर्यादा भौगोलिक आहे. मुंबईच्या दक्षिणेला व आग्नेयेला लहानमोठ्या गिरणगावांची एक साखळी पसरलेली होती. सोलापुरातील ‘जुनी गिरणी’ एकोणिसाव्या शतकाच्या आठव्या दशकातली. इचलकरंजीत विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये यंत्रमाग आणला. बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेच्या धबधब्याच्या बळावर गोकाकची सूतगिरणी उभी राहिली आणि गिरणीभोवतीच तिची वसाहत वाढली. बेंगळुरूमध्ये १८८४ ची गिरणी पुढे ‘बिन्नी’ या नावाने शहराच्या व्यवहारात रुजली. या ठिकाणी कामगारांची भाषा एकच नव्हती. सोलापूरच्या गिरणीत आणि मागावर मराठी, कन्नड, तेलुगू व उर्दू एकाच पाळीत बोलल्या जात. भाषावार साहित्येतिहासाच्या चौकटीत असे गाव कोणाचेच होत नाही; प्रत्येक भाषा ते आपल्या सीमेवर सोडून देते.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतील अनुभव येथे तुलनेस उपयुक्त ठरतो. नॉर्थ व साउथ कॅरोलायनातील लहान गावांत घर, दुकान आणि चर्च यांवरही गिरणीमालकाचा वरचष्मा असे. १९२९ च्या गॅस्टोनिया येथील लोरे गिरणीच्या संपात एला मे विगिन्स ही कामगार स्त्री स्वतः रचलेली गीते गात असे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तिची गोळी घालून हत्या झाली. लोरे गिरणीच्या इमारतीचे पुढे निवासी गाळ्यांत रूपांतर झाले. वास्तू टिकली हे खरे. पण त्या संपाचा अर्थ आज कळतो तो मुख्यतः गीतांतून आणि आठवणींतून. ‘लाइक अ फॅमिली’ (१९८७) या ग्रंथाने अशा गावांतील कामगारांच्या मुलाखतींतून इतिहास रचला. वारसा विटांत असतो की वाणीत, या प्रश्नाचे एक उत्तर तेथे मिळते.

बेंगळुरूत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. तेथील मिनर्व्हा गिरणीचे नाव १९८० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. राज्यघटनेच्या मूलभूत चौकटीच्या चर्चेत ते अटळ आहे. मात्र तिच्या खात्यांत काम करणाऱ्यांची बोली त्या कीर्तीत कोठेही नाही. नाव उरले आणि माणसे गळाली, हे वारशाचे विपरीत रूप होय.

शहराच्या वायव्येस, तुमकुरू रस्त्यालगत, १९७० च्या दशकाच्या अखेरीस विकसित झालेल्या पीण्यात यंत्रसामग्रीच्या असंख्य छोट्या कारखान्यांबरोबर तयार कपड्यांचे कारखाने आले. गिरणी सूत काढी व कापड विणी. येथे कापड बेतले आणि शिवले जाते. कामगारांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. येथे चाळीसारखी कामाशी जोडलेली वस्ती नाही. भाड्याची खोली, बस आणि ओळीत मांडलेली यंत्रे आहेत. काम मोजले जाते ते तासागणिक ठरलेल्या नगांनी. एक बाई अख्खा सदरा शिवत नाही. ती दिवसभर केवळ कॉलर जोडते वा काज करते. साच्यावरचा कामगार आपल्या कापडाचा ताका पाहू शके. कॉलर जोडणारीच्या हातून पूर्ण वस्तू जात नाही.

एप्रिल २०१६ मध्ये भविष्यनिर्वाह निधीतील मालकाचा हिस्सा निवृत्तीपूर्वी काढण्यास बंदी घालणाऱ्या नियमाविरुद्ध बेंगळुरूतील तयार कपड्यांच्या कारखान्यांतील हजारो स्त्रिया रस्त्यावर आल्या. त्यांच्यामागे प्रस्थापित संघटनेचे नेतृत्व नव्हते. दोन दिवसांत केंद्र सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. १९८२ चा संप मराठी साहित्याला शोकात्म कथानक देऊन गेला. २०१६ चा हा उठाव यशस्वी ठरला, आणि कदाचित म्हणूनच शोकाला सरावलेल्या समीक्षेच्या पकडीत तो येत नाही. वारसा म्हणजे संपलेले, ही धारणा येथे अडसर ठरते.

पीण्यातील कामगार स्त्रिया प्रामुख्याने कन्नडभाषक आहेत. तेव्हा मराठी समीक्षेचा त्यांच्याशी संबंध काय, असा आक्षेप घेता येईल. त्याचे उत्तर मराठी परंपरेतच आहे. मराठी कवितेतील कापडाचे सर्वांत जुने रूपक मागाइतकेच सुई-कातरीचेही आहे. नामदेव शिंपी होते. गुरुग्रंथसाहेबातील त्यांच्या एका पदात शिंप्याच्या साधनांतूनच भक्तीचे रूपक बांधलेले आहे. नामदेव शिंपी व भावसार क्षत्रिय हे शिवणकाम-रंगकामाशी निगडित समाज कर्नाटकात पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत आणि त्यांच्या घरांत मराठीची रूपे टिकली आहेत. दुसरीकडे, काम करता करता बाईने रचलेल्या जात्यावरच्या ओव्या ही मराठीची मोठी ठेव आहे; गी पॉइतवँ व हेमा राईरकर यांनी त्यांचे लाखभर ओव्यांचे संकलन घडवून आणले. ‘गिरणी’ हा शब्द मराठीत पिठाच्या आणि कापडाच्या अशा दोन्ही यंत्रांना लागतो. पिठाच्या गिरणीने जाते थांबवले आणि ओवीचे स्थान हिरावले. शिवणयंत्रांच्या गोंगाटात, तासाच्या हिशेबात, ओवीला जागा कोठे मिळते, हा खरा समीक्षेचा प्रश्न आहे. तो केवळ कन्नड वा केवळ मराठी नाही.

तात्पर्य, गिरणीच्या वारशाची चर्चा चिमणी, भोंगा आणि चाळ यांपाशी थांबवणे हे मुंबईच्या साहित्यावरही अन्यायकारक आहे. सुर्वे यांनी कामगाराला वक्ता केले. त्या कृतीचा वारसा सांगायचा, तर आज काम करणाऱ्याच्या बोलण्याकडे कान देणे क्रमप्राप्त ठरते. त्यासाठी कन्नड जाणणारा मराठी अभ्यासक आणि मराठी जाणणारा कन्नड अभ्यासक यांनी एकत्र बसून पीण्यातील खोल्यांत, बसथांब्यांवर, सुट्टीच्या दिवशी कथने टिपली पाहिजेत. मुंबईच्या गिरणगावाचा मौखिक इतिहास गिरण्या बंद पडत गेल्यावर लिहिला गेला. पीण्यात यंत्रे अद्याप सुरू आहेत.